बटणावरची फोर बाय फोर दांड्यावर आणता येते का? ट्रान्सफर केसच्या बदलाविषयी सगळं काही

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर गाडी रुतते. चालक डॅशबोर्डवरचा नॉब '४एच'वर फिरवतो. मीटरमधला दिवा लुकलुकायला लागतो आणि लुकलुकतच राहतो. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करत जातात, पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक नॉब असलेली जुनी फोर बाय फोर गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे नवीन नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, "ते बटण काढून टाक, जुन्या जीपसारखा दांडा बसव, कटकट संपली." हा सल्ला अर्धा बरोबर आहे. काही गाड्यांत असा बदल करता येतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतोही. पण काही गाड्यांत तो करू नये. आणि करायचा झाला, तरी नुसता दांडा जोडून काम भागत नाही.

हा बदल म्हणजे नेमकं काय, तो कसा होतो, त्यात काय मिळतं आणि काय जातं, हे क्रमाने समजून घेऊ.

ट्रान्सफर केस म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून थेट दोन चाकांकडे जाते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो. तोच ट्रान्सफर केस. त्यातून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक मागच्या एक्सलकडे आणि दुसरा पुढच्या.

या डब्याची कामं दोन. पहिलं काम, पुढच्या चाकांना ताकद द्यायची की नाही हे ठरवणं. दुसरं, गरज पडली तर वेग कमी करून ओढ वाढवणं. म्हणून बहुतेक गाड्यांत तीन स्थिती दिसतात. '२एच' म्हणजे फक्त मागची चाकं, नेहमीच्या रस्त्यासाठी. '४एच' म्हणजे चारही चाकं, नेहमीच्या वेगात. '४एल' म्हणजे चारही चाकं, पण मंद वेगात आणि जास्त ओढीने.

ओढ किती वाढते? बोर्गवॉर्नर कंपनीचा १३५४ हा ट्रान्सफर केस जगभर वापरला गेला. त्याच्या लो रेंजचं प्रमाण २.४८ आहे. म्हणजे त्याच गिअरमध्ये, इंजिनच्या त्याच फेऱ्यांना, चाकांवरची ओढ जवळपास अडीच पट होते आणि वेग तितकाच कमी होतो. चिखलातून हळूहळू वर येताना नेमकं हेच हवं असतं.

हायच्या आणि लोच्या मध्ये आणखी एक जागा असते, न्यूट्रल. तिथे इंजिनचा दोन्ही एक्सलशी संबंध तुटतो. ही जागा लक्षात ठेवा. या विषयातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

दांड्याकडून नॉबकडे, आणि पुन्हा दांड्याकडे

महाराष्ट्राला फोर बाय फोरची ओळख जीपने करून दिली. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असायचे. एकाने पुढचा एक्सल जोडायचा, दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. वायर नाही, मोटर नाही. हाताने दांडा ओढला की आतला फाळका सरकायचा.

१९८० च्या दशकात अमेरिकेत फोर्डने दांड्याच्या जागी बटण आणलं. बटण दाबलं की ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर फिरायची आणि दांड्याचं काम करायची. चालकाचे कष्ट वाचले, गाडीतली जागाही मोकळी झाली. चालत्या गाडीत २एचमधून ४एचमध्ये जाणं सोपं झालं.

भारतात हा प्रकार टाटा सफारी आणि महिंद्रा स्कॉर्पिओ यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांमुळे लोकांपर्यंत पोचला. एक सफारी पुण्यात तयार व्हायची, दुसरी स्कॉर्पिओ नाशिकमध्ये. असे ट्रान्सफर केस बनवणारी एक महत्त्वाची कंपनीही महाराष्ट्रातलीच आहे. पुण्यात भोसरीला मुख्यालय असलेली दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स. पूर्वी ती दिवगी-वॉर्नर नावाने बोर्गवॉर्नरची भागीदार होती. मार्च २०२३ मध्ये ती शेअर बाजारात आली.

आज दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले जातात. स्कॉर्पिओ-एन, टोयोटा फॉर्च्युनर, इसुझू व्ही-क्रॉस या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक निवड आहे. फोर्स गुरखाने २०२४ मध्ये दांडा सोडून नॉब घेतला. उलट सुझुकी जिम्नीच्या आधीच्या पिढीत बटणं होती, तर २०१८ मध्ये आलेल्या नव्या पिढीत कंपनीने मुद्दाम दांडा परत आणला. भारतात २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीतही दांडाच आहे. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्येही दांडा कायम राहिला.

म्हणजे दांडा ही मागासलेली गोष्ट नाही. दोन्ही पद्धतींचे फायदे वेगळे आहेत, इतकंच.

नॉब फिरवल्यावर आत काय होतं?

बदल समजायचा तर आधी हे समजायला हवं. नॉब हा फक्त स्विच आहे. तो एका कंट्रोल मॉड्यूलला निरोप देतो. मॉड्यूल आधी काही गोष्टी तपासतं. गाडीचा वेग किती आहे? क्लच दाबला आहे का, किंवा ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? बॅटरीचा दाब पुरेसा आहे का?

सगळं ठीक असलं की ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला बसवलेली मोटर फिरते. मोटर एक शाफ्ट फिरवते. शाफ्टवर मळसूत्रासारखा वळलेला कॅम असतो. तो फिरला की त्याला टेकलेले दोन फाळके पुढे-मागे सरकतात. एक फाळका पुढचा एक्सल जोडतो, दुसरा हाय-लो बदलतो. मोटर कुठवर फिरली हे एक पोझिशन सेन्सर मॉड्यूलला सांगतो. जागा बरोबर आली की मोटर थांबते आणि मीटरमधला दिवा स्थिर होतो.

दिवा लुकलुकत राहतो याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की मॉड्यूलने हुकूम दिला आहे, पण काम पूर्ण झाल्याची खबर त्याला मिळालेली नाही.

बोर्गवॉर्नरच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक भाग असतो, विद्युतचुंबकीय क्लच. चालत्या गाडीत ४एच लावताना पुढचा शाफ्ट थांबलेला असतो आणि मागचा फिरत असतो. हा क्लच क्षणभर चालू होऊन पुढच्या शाफ्टला मागच्याच्या वेगावर आणतो. मग दात न घासता एकमेकांत बसतात. बाहेरून हा भाग दिसत नाही, म्हणून बदल करताना तो हमखास विसरला जातो.

उमरखेडच्या मातीत बिघाड कुठे होतो?

उमरखेड तालुका पैनगंगेच्या काठचा. जमीन काळी कापसाची. ही माती पाणी प्यायली की फुगते, चिकट होते आणि चाकाच्या नक्षीत गच्च बसते. सुकली की दगडासारखी होते. ऊस, हळद, सोयाबीन, कापूस घेणाऱ्या शेतकऱ्याला पावसाळ्याचे चार महिने याच मातीतून शेतात जावं लागतं. नागपूर-तुळजापूर महामार्ग गुळगुळीत झाला, तरी शेतापर्यंतचं शेवटचं अंतर पांदण रस्त्याचंच असतं.

अशा जागी फोर बाय फोरचा बिघाड दोन कारणांनी होतो. पहिलं कारण चिखल आणि पाणी. मोटर गाडीच्या पोटाखाली, ट्रान्सफर केसला चिकटून असते. तिच्या कपलरमध्ये पाणी शिरतं, पिनांवर हिरवट थर चढतो, वायरिंगवर सुकलेला चिखल ओझं टाकतो.

दुसरं कारण याच्या उलट आहे, न वापरणं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आठ-आठ महिने नॉबला कुणी हात लावत नाही. मोटरमधलं ग्रीस घट्ट होतं, सेन्सरच्या पट्टीवर मळ बसतो, शाफ्टला गंज चढतो. मग पहिल्या जोरदार पावसात, नेमकी गरज असताना, यंत्रणा नकार देते.

आधी तपासणी, मग बदल

दांडा बसवण्याचा निर्णय घेण्याआधी खरा दोष शोधणं गरजेचं आहे. अनेकदा तो स्वस्तात सुटतो. तपासणी या क्रमाने करावी.

१. बॅटरी आणि फ्यूज. बॅटरी कमजोर असेल तर मॉड्यूल मोटरला वीजच देत नाही. फोर बाय फोरचा फ्यूज वेगळा असतो, तो पाहावा.

२. अर्थिंग. गाडीच्या चौकटीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल तर खरवडून घट्ट करावा.

३. आवाज. इंजिन बंद, चावी ऑन, गाडी सपाट जागेवर आणि हँडब्रेक ओढलेला. एकाने नॉब फिरवावा, दुसऱ्याने गाडीशेजारी उभं राहून ऐकावं. मोटरचा आवाज येतो का? आवाजच नसेल तर दोष वीज, स्विच किंवा मॉड्यूलकडे. मोटर घरघरते पण काम होत नसेल तर दोष मोटरच्या गिअरमध्ये किंवा आतल्या फाळक्यात. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय मोटर फिरतच नाही, तेव्हा आधी गाडीची पुस्तिका वाचावी.

४. कपलर. मोटरचा कपलर काढून पिना स्वच्छ कराव्यात, वाळवाव्यात.

५. मोटर थेट चालवून पाहणं. मोटर काढून वायरमनकडून तिला बाहेर वीज देऊन बघावी. फिरली तर मोटर चांगली.

६. शाफ्ट हाताने फिरवणं. मोटर काढल्यावर ट्रान्सफर केसचा शाफ्ट पान्याने फिरतो का? सहज फिरत असेल तर आतलं यंत्र धड आहे. जाम असेल तर दांडा बसवूनही उपयोग नाही, आधी केस उघडावा लागेल.

ही सहावी पायरी सगळ्यात महत्त्वाची. आतला फाळका वाकलेला किंवा दात झिजलेले असतील तर मोटर निर्दोष आहे. अशा गाडीला दांडा लावला तर तोच बिघाड आता हाताला जाणवेल, एवढाच फरक.

बदलाचे चार मार्ग

तपासणीनंतर मॉड्यूल किंवा मोटर गेल्याचं नक्की झालं आणि नवा भाग मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर बदलाचा विचार योग्य ठरतो. जुन्या, उत्पादन थांबलेल्या गाड्यांबाबत हे खूपदा होतं. जुनी सफारी तर २०१९ नंतर बंदच झाली.

पहिला मार्ग, पूर्ण ट्रान्सफर केस बदलणं. त्याच कुळातला दांड्याचा ट्रान्सफर केस मिळाला तर तो सरळ बसवायचा. हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. अमेरिकेत जुन्या फोर्ड रेंजर आणि ब्रॉन्को गाड्यांत लोक असंच करत आले आहेत, कारण तिथे एकाच ट्रान्सफर केसच्या मोटरच्या आणि दांड्याच्या अशा दोन्ही आवृत्त्या निघाल्या होत्या. मात्र चार मापं जुळायला हवीत. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे दात, बोल्टांची जागा, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि स्पीडोमीटरचा सेन्सर. भंगार बाजारातून केस घेताना फोटोवर विसंबू नये, दोन्ही केस शेजारी ठेवून मोजावं.

दुसरा मार्ग, केस तोच, आतले भाग दांड्याच्या आवृत्तीचे. मोटरचा कॅम आणि शाफ्ट काढून त्या जागी दांड्याचा सेक्टर, फाळके आणि खाच पकडणारी स्प्रिंग-गोळी बसवतात. काम नेटकं होतं, पण केस पूर्ण उघडावा लागतो आणि त्याच्या कवचात त्या भागांसाठी जागा असावी लागते.

तिसरा मार्ग, मोटर काढून तिच्याच शाफ्टला दांडा जोडणं. लेथवर एक जोड तयार करायचा, त्याला पट्टी किंवा रॉड लावायचा आणि तो गाडीच्या तळातून वर आणायचा. सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच सगळ्यात लोकप्रिय. चुकाही यातच सर्वाधिक होतात.

चौथा मार्ग, मोटर ठेवायची आणि फक्त मॉड्यूल टाळायचं. दोन दिशांचा स्विच आणि रिले लावून मोटर थेट चालवायची. हा खरा मॅन्युअल बदल नव्हे, पण मॉड्यूल जळालेल्या गाडीत कामी येतो. अडचण अशी की मोटरला कुठे थांबायचं हे सांगणारं आता कुणी नसतं. बटण जास्त वेळ दाबून धरलं तर मोटर टोकाला जाऊन जळते. म्हणून पोझिशन सेन्सरचे दिवे वेगळे काढून चालकासमोर लावावे लागतात.

हमखास राहून जाणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, दांडा जागेवर धरून ठेवणं. दांड्याच्या मूळ ट्रान्सफर केसमध्ये एक स्प्रिंग-गोळी खाचेत बसते आणि दांडा सरकू देत नाही. मोटरच्या केसमध्ये ही सोय असेलच असं नाही, कारण तिथे मोटरचा वर्म गिअरच शाफ्टला जखडून ठेवतो. मोटर काढली की ती पकडही गेली. मग खड्ड्यात गाडी आदळली की शाफ्ट आपोआप फिरू शकतो आणि ४एलमधून न्यूट्रलमध्ये येऊ शकतो. चढावर असं झालं तर गाडी मागे घरंगळेल. त्यामुळे तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने प्रत्येक स्थितीला पक्की खाच किंवा कुलूप असलेली पट्टी करूनच घ्यावी. ही ऐच्छिक सजावट नव्हे.

दुसरी गोष्ट, विद्युतचुंबकीय क्लच. मॉड्यूल काढलं की त्याला वीज मिळत नाही. मग चालत्या गाडीत ४एच लावायला गेलं तर दात घासतात. उपाय दोन आहेत. एक, गाडी पूर्ण थांबवूनच ४एच लावायची शिस्त पाळायची. दुसरा, क्लचच्या कॉइलला वेगळं दाबून धरायचं बटण द्यायचं, ते फक्त दांडा बदलताना क्षणभर दाबायचं. कॉइल कायम चालू ठेवली तर ती जळते.

तिसरी गोष्ट, पुढचा एक्सल. अनेक गाड्यांत ट्रान्सफर केसने ताकद दिली तरी ती चाकांपर्यंत जायला पुढच्या हबने किंवा एक्सलच्या जोडाने पकडावं लागतं. काही गाड्यांत हे आपोआप होतं, काहींत व्हॅक्यूमने, काहींत विजेने. जिथे हा हुकूम त्याच मॉड्यूलकडून जातो, तिथे दांडा ४एचवर असूनही पुढची चाकं मोकळी राहतात. चिखलात अडकल्यावर हे कळून काही फायदा नाही. बदल करतानाच पुढच्या एक्सलला स्वतंत्र स्विच द्यावा, किंवा हाताने फिरवायचे हब बसवावेत.

काय मिळतं, काय जातं?

मिळतो तो भरवसा आणि दुरुस्तीची सोय. दांड्यात बिघडण्यासारखे भाग कमी. गावातल्या मिस्तरीलाही तो समजतो. दात बसले की नाही हे हाताला कळतं, दिव्याकडे बघावं लागत नाही.

जातो तो राखणदार. मॉड्यूल चालकाची चूक होऊ देत नव्हतं. गाडी वेगात असताना कुणी नॉब ४एलवर फिरवला तर ते ऐकत नसे. दांडा असं विचारत नाही. ताशी ५० किलोमीटरवर कुणी दांडा लोकडे ओढला तर आतले दात तुटू शकतात. गाडी घरातले तिघं-चौघं चालवत असतील तर प्रत्येकाला हे समजावून सांगणं आलं.

आणि आता ती न्यूट्रलची जागा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असला की गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केली तरी चाकं मोकळीच असतात. ऑटोमॅटिक गाडीत 'पी'वर ठेवली तरी मोकळीच. उतारावर गिअरच्या भरवशावर गाडी सोडण्याची सवय असलेल्यांना हा धोका लक्षातच येत नाही. दांडा दोन खाचांच्या मध्ये राहिला की हे सहज घडतं. म्हणून बदल केलेल्या गाडीत हँडब्रेक कायम चांगला हवा आणि उतारावर चाकामागे दगड लावायलाच हवा.

कोणत्या गाडीत हा बदल करू नये?

ज्या गाडीत एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्थिरतेची यंत्रणा ट्रान्सफर केसच्या स्थितीवर अवलंबून असते, त्या गाडीत हात घालू नये. अशा गाडीचा संगणक गाडी लोमध्ये आहे की हायमध्ये हे सतत विचारत असतो. उत्तर मिळालं नाही किंवा चुकीचं मिळालं, तर तो ब्रेकच्या यंत्रणा बंद करू शकतो किंवा इंजिनची ताकद कमी करू शकतो. अलीकडच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक फोर बाय फोर गाड्या या गटात मोडतात. तिथे कंपनीचा मूळ भाग टाकणं हाच मार्ग.

वॉरंटी चालू असलेल्या गाडीतही हा विचार सोडून द्यावा. आणि ज्या गाडीत चारही चाकांना ताकद कायम जाते, तिथे प्रश्नच वेगळा आहे.

थोडक्यात, हा बदल चौकटीवर उभ्या असलेल्या, कमी इलेक्ट्रॉनिक्सच्या, जुन्या गाड्यांसाठी आहे.

कायदा आणि विमा काय म्हणतात?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

ट्रान्सफर केस नॉबने चालतो की दांड्याने, हे नोंदणी प्रमाणपत्रावर सहसा लिहिलेलं नसतं. तरीही अंदाजावर राहू नये. उमरखेडच्या गाडीमालकाने यवतमाळच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२९ च्या कार्यालयात, आधी विचारून घेणं शहाणपणाचं. विमा कंपनीलाही लेखी कळवावं. अपघातानंतर न सांगितलेला बदल सापडला तर दाव्यावर वाद होऊ शकतो.

रानात अडकलात तर तात्पुरता उपाय

मोटर गेली आणि गाडी हाय-लोच्या मध्ये न्यूट्रलमध्येच अडकली, तर ती कोणत्याच गिअरमध्ये हलत नाही. अशा वेळी मोटरचे बोल्ट काढून तिच्या मागचा शाफ्ट पान्याने फिरवता येतो आणि गाडी २एच किंवा ४एचमध्ये आणता येते.

पण त्यासाठी गाडीखाली जावं लागतं, म्हणून काही नियम पाळलेच पाहिजेत. जमीन सपाट आणि घट्ट असावी. इंजिन बंद, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. गाडी नुसत्या जॅकवर असताना कधीही खाली जाऊ नये. चिखलात जॅक खचतो. उतारावर किंवा नाल्याच्या काठावर अडकला असाल तर हा उपाय करूच नका, ट्रॅक्टर बोलवा.

शाफ्ट फिरवल्यावर मोटर परत बसवता आली नाही तर ती जागा कापडाने आणि चिकटपट्टीने झाकावी, शाफ्ट हलणार नाही असा बांधावा आणि हळू गाडी चालवत थेट गॅरेज गाठावं.

बदलानंतर गाडी कशी चालवायची?

४एल लावताना गाडी थांबवावी, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या अगदी मंद वेगात ठेवावी. क्लच दाबावा, मग दांडा एका दमात ओढावा. अर्ध्यावर थांबू नये. दात बसले नाहीत तर जोर लावू नये. क्लच सोडून गाडी फूटभर पुढे सरकवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच वापरू नये. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक मिटतो, डांबरावर तो मिटत नाही. मग सगळा ताण साखळीवर, शाफ्टवर आणि गिअरवर येतो. दांडा अडकून बसतो तो बहुतेक याच कारणाने. असं झालं तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की ताण सुटतो.

महिन्यातून एकदा, पाऊस असो वा नसो, शेतातल्या मऊ मातीवर तिन्ही स्थिती लावून थोडं अंतर चालवावं. ट्रान्सफर केसचं तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच टाकावं. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. केसच्या हवेच्या नळीचं तोंड उंच बांधावं, नाहीतर गरम केस थंड पाण्यात बुडला की पाणी आत ओढलं जातं.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. दांडा असो की नॉब, फोर बाय फोर गाडी चिखलासाठी आहे, पुरासाठी नाही. पैनगंगेला किंवा तिच्या नाल्यांना पूर आला आणि पुलावरून पाणी वाहत असलं, की गाडी तरंगायला लागते. चाकांचा जमिनीशी संबंध सुटला की चारही चाकं फिरून उपयोग शून्य.

मिस्तरीला हे प्रश्न विचारा

काम देण्याआधी पाच प्रश्न विचारले तरी कामाचा अंदाज येतो. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला का? दांडा प्रत्येक जागी कशाने अडेल? पुढच्या एक्सलला हुकूम कुठून जाणार? क्लचच्या कॉइलचं काय करणार? काढलेली मोटर आणि वायरिंग परत देणार का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण उद्या मूळ यंत्रणा परत बसवायची झाली तर तेच भाग लागतील. वायर कापू नयेत, कपलरपासून वेगळ्या करून गुंडाळून ठेवाव्यात.

पाचही प्रश्नांची नीट उत्तरं देणारा मिस्तरी मिळाला आणि गाडी जुनी, साधी असली, तर बदल करायला हरकत नाही. एकाही प्रश्नाला "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर त्या पैशात कपलर साफ करून घ्यावा, चांगली बॅटरी टाकावी आणि मोटर दुरुस्त करावी. बऱ्याच गाड्यांना तेवढंच पुरतं.